सात ते बारा गायब!

“मी त्याच्या जीपच्या चारही चाकांतली हवा सोडणार!” लुंबिनी दातओठ खात म्हणाली.

“चारच का? मागं स्टेपनी पण हाय की!” वीरभद्रानं आठवण करून दिली.

“मी सीटवर खाजकुयली टाकते,” दहा वर्षांची जिक्रा म्हणाली. “ओढ्याच्या काठाला लई आहे. आठ दिवस बसता येणार नाही त्याला!”

जिक्राचा मोठा भाऊ बिलाल तेवढा गप्प होता. मांडीवर एक जुना पंखा घेऊन तो त्याचा स्क्रू पिळत बसला होता.

बिलाल आणि जिक्राच्या अब्बांचं, म्हणजे खाजामियाँचं, गावात रिपेरिंगचं दुकान होतं. त्या दुकानामागच्या कडुलिंबाखाली ही सभा भरली होती. मे महिन्यातले सकाळचे नऊ, आणि निलंगा तालुक्यातलं हलगेवाडी आत्ताच तव्यासारखं तापलं होतं. लुंबिनी कालच्या एसटीनं नांदेडहून आत्याकडे सुट्टीला आली होती. दरवर्षी ती आली की चौघांचे विहिरीत पोहण्याचे, कैऱ्या पाडण्याचे बेत ठरायचे. यंदा मात्र आल्या आल्या तिनं एकच विषय काढला होता. वैजनाथशेठवर सूड!

“आत्या मला काहीच सांगत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ग्रामसभेला होतात ना? काय काय बोलला तो? एकही शब्द गाळू नका!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी वीरभद्रानं सांगायला सुरुवात केली.

लुंबिनीची महामाया आत्या गावाचा पाण्याचा पंप चालवायची. विहिरीजवळ सोलरच्या बारा प्लेटा होत्या. त्यांच्या विजेवर पंप चालायचा आणि टाकी भरायची. लातूरला जाऊन आत्या हे काम शिकून आली होती. दोन वर्षं गावाला पाण्याची चिंता नव्हती. मार्चमध्ये लुंबिनीला टायफॉइड झाला आणि आत्या आठ दिवस नांदेडला तिच्या उशाशी बसून राहिली. तेवढ्यात दुरुस्तीचा ठेका असलेला वैजनाथशेठ गावात आला. ‘सर्व्हिसिंग करतो,’ म्हणून लातूरचा माणूस आणून दोन दिवस त्यानं पंपाजवळ खुडबुड केली. आत्या परत आली तर फाटकाला नवंच कुलूप होतं आणि नळाला निम्मं पाणी!

“दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा झाली,” वीरभद्र म्हणाला. “शेठ ओट्यावर चढून ओरडला, ‘बाईच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं! लोखंडी काथ्यानं घासून प्लेटांची वाट लावली हिनं!’ मग त्यानं फोनवर प्लेटांचे फोटो दाखवले. ओरखडे होते त्यांच्यावर. ताई बोलायला उठल्या, तर त्यांच्या हातातल्या पंपाच्या डबीच्या चाव्या त्यानं हिसकावून घेतल्या आणि म्हणाला...”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘जा, चुलीपुढं बस.’”

लुंबिनी उसळली. “आणि गाव? गाव काय करत होतं?”

“काही जण हसले,” जिक्रा हळूच म्हणाली. “बाकीचे गप्प बसले.”

लुंबिनीनं काल संध्याकाळी स्वतः पाहिलं होतं. हापशावर घागरींची रांग होती. रांगेत आत्या सगळ्यांत शेवटी उभी होती आणि पुढच्या बाया मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या, “हिच्यामुळं आली ही पाळी!” आत्या मान खाली घालून उभी होती. महामाया आत्या, जिला लुंबिनीनं कधी मान खाली घालताना पाहिलंच नव्हतं!

“माझ्या आजारपणात ती आली, म्हणून हे झालं,” लुंबिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कापत नव्हता. “जितक्या लोकांपुढं त्यानं तिला खाली पाहायला लावलं, तितक्याच लोकांपुढं त्याला खाली पाहायला लावीन. त्याशिवाय नांदेडला परत जाणार नाही!”

“मग हवा सोडून काय होणार?” बिलालनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “तो पाच मिनिटांत हवा भरून घेईल. मला आधी एक सांग. ताई खरंच काथ्यानं प्लेटा घासायच्या?”

“वेडा आहेस का? सुती फडकं आणि पहाटेचं गार पाणी! तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकते, म्हणून ऊन पडायच्या आत धुवायची. मी स्वतः दोन सुट्ट्या तिच्याबरोबर पुसल्यात.”

“मग ओरखडे आले कुठून?”

 हा प्रश्न लुंबिनीला सुचलाच नव्हता!

“चला पंपावर!” ती उठली.

पंपाभोवती तारेचं कुंपण होतं. फाटकाला वैजनाथशेठचं मोठं पितळी कुलूप लटकत होतं. ऊन असं रखरखीत की डोळे उघडवत नव्हते, पण पंप मात्र चिडीचूप.

“एवढं ऊन आहे, तरी हा झोपला कायकू?” जिक्रानं विचारलं.

“हीच तर गंमत आहे. पूर्वी पावणेआठलाच सुरू व्हायचा,” लुंबिनी म्हणाली. “हे बघ, प्लेटेत हे छोटे छोटे चौकोन दिसतात ना? त्यांना पेशी म्हणतात. उजेड पडला की एकेक पेशी थोडीशी वीज तयार करते. सगळ्या पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात, आणि सगळ्या प्लेटाही एकापुढे एक. आपण हात धरून साखळी करतो ना, तशी. सगळ्यांची वीज मिळून पंप फिरतो.”

“म्हणजे जितकं गरम, तितकी वीज जास्त?” वीरभद्रानं विचारलं.

“उलट! वीज उजेडानं होते, उष्णतेनं नाही. प्लेट फार तापली तर वीज थोडी कमीच होते.”

जिक्रा तारेला नाक लावून उभी होती. एकदम ती म्हणाली, “पण ह्या प्लेटा एकसारख्या कुठं आहेत? पुढची ओळ बघा, कशी काळीभोर निळी! आणि मागची? आमच्या नानीच्या मोतीबिंदूच्या डोळ्यासारखी!”

खरंच! पुढच्या सहा प्लेटा चकचकीत होत्या. मागच्या सहा पांढुरक्या पडलेल्या, कडांना पिवळट, आणि त्यांच्यावर बारीक बारीक ओरखडे.

“दोन वर्षांत अर्ध्याच म्हाताऱ्या झाल्या?” बिलाल पुटपुटला.

लुंबिनी एकदम ओरडली. “थांबा! आत्यानं प्लेटांवर नंबर टाकले होते. बसवताना घोटाळा होऊ नये म्हणून चौकटीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूनं. नेलपॉलिशनं! माझ्याच आकाशी नेलपॉलिशनं! बाटली संपवली म्हणून मी केवढी रडले होते!”

“पण खालची बाजू दिसणार कशी? आत जायचं नाही,” बिलालनं बजावलं. “अब्बा म्हणतात, ऊन असेपर्यंत ह्या तारांत वीज असतेच. बटण बंद केलं तरी!”

“आत कशाला जायचं?” जिक्रा म्हणाली आणि दुकानाकडे धावत सुटली. परत आली तेव्हा तिच्या हातात दाढीचा आरसा होता.

प्लेटांची तोंडं दक्षिणेकडे होती. चौघं वळसा घालून उत्तरेकडच्या कुंपणाशी, प्लेटांच्या पाठीमागे गेले. बिलालनं आरशात ऊन पकडलं आणि उजेडाचा गोळा प्लेटांच्या खालच्या अंधारात सोडला. गोळा थरथरत चौकटीच्या कडेवरून सरकू लागला.

“तो बघ! आकाशी!” वीरभद्र ओरडला.

“एक,” लुंबिनी वाचू लागली. “दोन... तीन... चार... पाच... सहा.”

गोळा मागच्या ओळीखाली गेला. एक प्लेट झाली. दुसरी झाली. सहाही झाल्या. आकाशी रंगाचा ठिपकासुद्धा नाही!

“सात ते बारा गायब!” वीरभद्र म्हणाला. “म्हणजे गावाचा सातबाराच उचलला की!”

कोणी हसलं नाही.

“त्यानं आपल्या सहा चांगल्या प्लेटा काढून नेल्या,” लुंबिनी एकेक शब्द चावत म्हणाली, “आणि कुठल्या तरी भंगारातल्या सहा इथं बसवल्या. साखळीत सहा जण अधू असले की बाकीच्या सहांनाही त्यांच्याच बळानं ओढावं लागतं. म्हणून पंप उशिरा उठतो, लवकर झोपतो. चोरी त्यानं केली आणि आळ आत्यावर घातला!”

“पण नेल्या कुठं?” जिक्रानं विचारलं.

वीरभद्रानं कपाळावर हात मारून घेतला. “अरे देवा! परवा फाट्यावर शेठच्या रसवंतीचं उद्घाटन हाय! आमच्याच शेतातला ऊस जातोय तिथं. आणि बोर्डावर काय लिहिलंय माहितीय? ‘उन्हावर चालणारी रसवंती’!”

दोन सायकलींवर डबलसीट बसून चौघं अर्ध्या तासात फाट्यावर पोहोचले. निलंग्याच्या रस्त्याला लागून नवा पत्र्याचा मांडव होता. आत हिरव्या रंगाचा उसाचा चरक होता, त्याला मोटार जोडलेली. आणि मांडवामागे लोखंडी घोडीवर दिमाखात उभ्या होत्या सहा काळ्याभोर निळ्या प्लेटा!

जवळपास कोणी नव्हतं. बिलालनं आरसा धरला. चौकटीच्या आतल्या कडेवर नखाएवढा आकडा चमकला.

आकाशी सात. त्याच्या शेजारी आठ. नऊ, दहा, अकरा, बारा.

लुंबिनीनं वाकून मुठीएवढा दगड उचलला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“दगड खाली टाक!” जिक्रानं तिचा हात दोन्ही हातांनी धरला.

“सोड मला! एकही शिल्लक ठेवणार नाही!”

“अगं, फोडलीस तर कुणाची फुटेल? हे गावाचं पाणी आहे! आमच्या घागरीतलं पाणी आहे!”

लुंबिनीची बोटं हळूहळू सैल झाली. दगड खाली पडला. तेवढ्यात मागून आवाज आला, “ए पोरांनो! काय चाललंय रे तिकडं?”

वैजनाथशेठ! पांढरा शर्ट, गॉगल, बोटांत तीन अंगठ्या. बिलालच्या हातात आरसा तसाच होता.

“काही न्हाई शेठ,” वीरभद्र पटकन पुढे झाला. “उद्घाटनाला यायचं म्हणून भांग पाडून बघून राहिलो!”

शेठ खदाखदा हसला. प्लेटेवर थाप मारून म्हणाला, “बघा, बघा! लाईटचं कनेक्शन घेतलंच न्हाई मी. ना बॅटरी, ना बिल! जितकं ऊन तापलं तितकी वीज जास्त!”

लुंबिनीनं जीभ दातांखाली दाबून धरली. पण शेठचं लक्ष तिच्याकडे गेलंच.

“तू त्या महामायाची भाची ना गं? नांदेडची? सांग तुझ्या आत्याला, यंत्र कसं चालवायचं असतं ते बघायला ये म्हणावं परवा!”

“सांगते,” लुंबिनी त्याच्या गॉगलमध्ये रोखून पाहत म्हणाली. “येईल ती. नक्की येईल.”

परतताना फाट्यापुढच्या चिंचेखाली चौघं थांबले.

“सरपंचांना सांगू,” वीरभद्र म्हणाला. “धुरपताआजी कडक हायत, पण खोट्या न्हाईत.”

“आजी पहिला फोन कुणाला करतील? शेठलाच!” बिलाल म्हणाला. “तो थिनरचा बोळा घेऊन पाच मिनिटांत आकडे पुसून टाकेल. मग आपण चौघं खोटारडे!”

“आणि त्यानं गुपचूप सापडलेलं मला नकोच आहे,” लुंबिनी म्हणाली. “सगळ्यांसमोर हवंय. त्यानं स्वतः आत्याला बोलवायला जावं. हात जोडून! आणि आकडे आत्यानंच शोधावेत.”

“तो कशाला बोलवेल?”

लुंबिनी खाली बसली आणि तिनं काटकीनं जमिनीवर एक प्लेट काढली. त्यातले चौकोन काढले. मग सर्वांत खालच्या ओळीवर तळहातानं माती पसरली.

“बॅटरी नाही, लाईट नाही. नुसतं ऊन. आणि साखळीतल्या काही पेशींवर सावली पडली, तर बाकीच्यांची वीज पुढं जाणार कशी? प्लेटेची खालची एक ओळ झाकली तर अख्खी प्लेट मुकी होते. सहाही प्लेटांची झाकली तर...”

“चरक बंद!” तिघं एकदम ओरडले.

“लातूरहून माणूस यायला दोन-अडीच तास लागतात,” बिलालच्या डोळ्यांत आता चमक आली. “आणि ह्या भागात प्लेटांचं काम येतं फक्त एका माणसाला!”

“बाईला!” जिक्रानं दुरुस्त केलं.

उद्घाटनाच्या दिवशी फाट्यावर ही गर्दी! हलगेवाडी तर लोटली होतीच, पण निलंग्याहूनही पाहुणे आले होते. खाजामियाँ माईक लावत होते. सरपंच धुरपताबाई पहिल्या खुर्चीवर काठी टेकून बसल्या होत्या. अकरा वाजता चरक चालवून पाहिला, तेव्हा तो झकास फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शेठ पाहुण्यांच्या स्वागताला पुढे गेला आणि सगळी गर्दी त्याच्यामागे मांडवाच्या तोंडाशी गेली.

मांडवामागे चार जण वाकून पळत आले. वीरभद्राच्या हातात काळ्या मातीच्या चिखलाची बादली होती.

“पाणी गार नाही ना?” लुंबिनीनं कुजबुजत विचारलं.

“सकाळपासून उन्हात ठेवलीय. चहा करता येईल!”

प्लेटांची खालची कड जिक्राच्याही खांद्याला येत होती. तारांना कोणीच हात लावायचा नाही, हे बिलालनं तीनदा बजावलं होतं. चौघांनी भराभर खालच्या कडेनं वीतभर पट्टा लिंपला. सहाही प्लेटांना. काळ्या प्लेटेवर काळी माती, आणि वरून उन्हानं ती मिनिटात वाळली. जणू वादळात उडालेली धूळच!

“पळा!”

चौघं हात धुऊन गर्दीत मिसळले, तोवर शेठनं माईक हातात घेतला होता.

“मंडळी, सूर्यनारायण आपला नोकर हाय! बटण दाबलं की कामाला लागतो! पहिला ग्लास आपल्या सरपंचांना!”

त्यानं ऊस चरकात घातला आणि ऐटीत बटण दाबलं. चरक घुर्र करून एक फेरा फिरला आणि थांबला. त्यानं पुन्हा दाबलं. या वेळी घुर्रसुद्धा झालं नाही. ऊस अर्धा आत, अर्धा बाहेर!

“शेठ, नोकर सुट्टीवर गेला काय?” गर्दीतून कोणी तरी ओरडलं. हशा पिकला.

शेठचा शर्ट पाठीला चिकटला. त्यानं बटणाच्या डबीवर चापट्या मारल्या, लातूरला फोन लावला. “तीन वाजेपर्यंत येतो म्हणतोय,” तो ओशाळून म्हणाला. पाहुणे घड्याळ बघू लागले. पोरं रिकामे ग्लास वाजवू लागली. लुंबिनी पहिल्या रांगेत उभी राहून त्याच्या चेहऱ्यावरून ओघळणारा घामाचा एकेक थेंब पाहत होती, आणि तिला फार गोड वाटत होतं.

“खाजामियाँ, तुम्ही बघा!” शेठ म्हणाला.

खाजामियाँनी दोन्ही हात वर केले. “आपण पंखे-मिक्सरवाले. प्लेटांचं इल्म आपल्याला नाही. ते एकट्या महामायाताईला!”

 धुरपताबाईंनी काठी आपटली. “मग बसलाव काय? बोलवा तिला!”

 पाहुणे शेठकडेच बघत होते. त्यानं फोन लावून स्पीकर चालू केला. खाजामियाँनी माईक अजून बंद केला नव्हता, त्यामुळे पलीकडचा शांत आवाज साऱ्या फाट्याला ऐकू आला.

“मी चुलीपुढं बसलेय. तुम्हीच सांगितलं होतं ना? मी यायला हवी असंल तर तुम्ही न्यायला या.”

लुंबिनीला टुणकन उडी मारावीशी वाटली!

वीस मिनिटांनी जीप परत आली. पुढच्या सीटवर महामाया आत्या बसली होती. मांडीवर हत्यारांची पिशवी, डोक्यावर पदर. शेठनं उतरून तिच्यासाठी दार उघडलं. ग्रामसभेत हसलेले लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते.

आत्या मांडवामागे गेली. मागोमाग अख्खी गर्दी गेली. तिनं चिखलाच्या पट्ट्यावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग सावकाश मान वळवून लुंबिनीकडे पाहिलं. लुंबिनीनं चिखल अडकलेली नखं पाठीमागे लपवली.

“बिघाड काही न्हाई,” आत्या म्हणाली. “सावली पडलीय नुसती. पुसलं की झालं.” तिनं पहिल्या प्लेटेची चौकट आधाराला धरली. बोटं आतल्या कडेवरून सरकली आणि तिथंच थांबली. तिथला रंगाचा टवका तिच्या बोटांना ओळखीचा होता. 

“आरसा हाय का कुणाकडं?”

“हा घ्या ताई!” बिलालनं क्षणात खिशातून आरसा काढला.

आत्या वाकली. तिनं आरसा एका प्लेटेखालून दुसऱ्या प्लेटेखाली सरकवत नेला. मग सरळ उभी राहिली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “धुरपताआक्का, जरा हिकडं या. हे काय लिवलंय वाचा.”

धुरपताबाई वाकल्या. “सात.”

“पुढच्या प्लेटेवर?”

“आठ.”

“गावाच्या विहिरीवर मी बसवलेल्या बारा प्लेटांतल्या सात ते बारा ह्या. अक्षर माझं हाय!”

“खोटं!” शेठ किंचाळला. “असल्या प्लेटा बाजारात ढिगानं मिळतात! आकडे हिनं आत्ता काढले असतील!”

“वाळलेलं नेलपॉलिश? पाचशे लोकांसमोर?” आत्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मागचं स्टिकर तुम्ही खरवडलं, शेठ. पण कंपनीचा नंबर काचेच्या आत पण असतो. तो कसा खरवडाल? बारा प्लेटांचे नंबर पंचायतीच्या फायलीत हायत. आक्का, मागवा फाईल!”

फाईल आली. धुरपताबाईंनी चष्मा लावला. खाजामियाँ काचेतला एकेक नंबर मोठ्यानं वाचत गेले आणि त्या फायलीवर बोट ठेवत गेल्या. सहाच्या सहा जुळले.

कोणी काही बोलायच्या आत शेठ जीपकडे वळला. पण वीरभद्र आधीच चावी काढून उभा होता.

“थांबा की शेठ! रस प्यायचा न्हाई का?”

लुंबिनी गर्दीतून पुढे आली आणि शेठसमोर उभी राहिली. “माझ्या आत्याला काय म्हणाला होतात तुम्ही? चूक कुणाची होती? सांगा.”

शेठ पुटपुटला.

“ऐकू आलं नाही!”

“माझी... माझी होती.”

खाजामियाँनी माईक त्याच्या तोंडापुढे धरला. “इथं बोला, इथं. मागच्या लोकांना ऐकू येऊन नाही राहिलं.”

“चूक माझी होती! महामायाताईंची न्हाई!” भोंग्यातून आवाज घुमला आणि शेठची मान खाली गेली. त्या पाचशे जणांत एकजणही हसला नाही. ते त्याला हसण्याहून जास्त लागलं असावं.

“पोलीस येईपर्यंत ह्यो रिकामा कशाला ठेवायचा?” धुरपताबाई म्हणाल्या. “महामाया, प्लेटा उतरवायच्या तर काय करावं लागतं?”

“उन्हात प्लेट बंद होत न्हाई, आक्का. आधी ताडपत्री टाकून झाकाव्या लागतील. वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणी तरी टोक धरून उभं राहायला पाहिजे.”

“शेठ, धरा टोक!”

आणि निलंग्याहून पोलीस येईपर्यंत, भर दुपारच्या उन्हात, गॉगल घामानं घसरत असताना, वैजनाथशेठ ताडपत्रीचं टोक धरून उभा राहिला. चौघं समोर चिंचेखाली बसून ऊस सोलून खात होते.

संध्याकाळी पोलिसांचा पंचनामा झाला, चौघांनी आरशात काय काय पाहिलं ते सांगितलं आणि सहा प्लेटा टेम्पोतून गावात आल्या. ऊन कलल्यावर आत्यानं त्या बसवल्या. अख्खं गाव कुंपणाबाहेर उभं होतं.

धुरपताबाई पुढे आल्या. “महामाया, त्या दिवशी मी सरपंच असून गप्प बसले. फोटो बघितले आणि तुला विचारलं न्हाई. ही माझी चूक.” मग त्या मुलांकडे वळल्या. “आणि हे चौघं! आम्ही म्हाताऱ्यांनी डोळे असून बघितलं न्हाई, ते ह्यांनी दाढीच्या आरशात बघितलं! गावाला पाणी ह्यांनी परत आणलं. वाजवा टाळ्या!”

टाळ्या थांबेनात. वीरभद्रानं मान झुकवून नमस्कार केला. जिक्रा अब्बांच्या खांद्यावर जाऊन बसली.

“उद्या पहाटे साडेपाचला चौघं इथं हजर पाहिजेत,” आत्या मुलांना म्हणाली.

“बक्षीस द्यायला?” वीरभद्रानं विचारलं.

“फडकी घेऊन या. सहा प्लेटांना चिखल कुणी फासला, ते मला कळलं न्हाई असं वाटतं का?”

पहाटे गार वाऱ्यात चौघं प्लेटा पुसत होते. वाळलेली काळी माती अशी चिकटली होती की निघता निघेना.

“पुढच्या वेळी जरा पातळ करू,” बिलाल कुरकुरला.

आत्या लुंबिनीशेजारी येऊन फडकं पिळू लागली. “लई राग होता ना तुला?”

“हो.”

“मला पण. रात रात झोप न्हाई यायची.” तिनं फडकं झटकलं. “आता?”

लुंबिनीनं खरं तेच सांगितलं. “आता मस्त वाटतंय, आत्या. तो ताडपत्री धरून उभा होता ना, ते आठवलं की अजून मस्त वाटतं!”

आत्या खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी.

टेकडीवरून सूर्य वर आला. उजेड बाराही प्लेटांवर पसरला. पावणेआठ वाजले आणि पंपाच्या डबीवर हिरवा दिवा लागला. विहिरीच्या तळाशी काहीतरी घरघरलं, नळी थरथरली आणि वर टाकीत धो धो पाणी पडू लागलं.